वडाळ्याचे पक्षिनिरीक्षक रे. सॅम्युएल बेकन फेअरबँक

मनुष्य ज्या कामासाठी घर सोडतो, त्या कामानेच तो ओळखला जातो. परंतु काही थोड्या पुरुषांच्या ठायी मुख्य कर्तव्याच्या जोडीस दुसरा एखादा निर्मळ छंद असतो, व तो छंदही पुढील पिढ्यांस उपयोगी पडतो. आपल्या नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील वडाळा या गावी राहून गेलेले रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अशा पुरुषांपैकी एक होत. धर्मोपदेशक म्हणून त्यांचे नाव जुन्या मंडळींस ठाऊक आहे. पण दूर दक्षिणेतील डोंगरांवरील एक पक्षी आजही त्यांचे नाव धारण करितो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी आली असेल. आजकाल आपले विद्यार्थी मुंबईस वस्तुसंग्रहालय पाहावयास गेले म्हणजे तेथील काचेच्या कपाटांतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे हौसेने घेतात. असे पक्षी कोणी, कशासाठी व किती कष्टाने तयार केले, हे कळल्यास त्या हौसेस ज्ञानाची जोड मिळेल, या हेतूने हे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे.

फेअरबँक यांचा जन्म सन १८२२ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात झाला. इलिनॉय प्रांतात महाविद्यालयीन शिक्षण पुरे करून त्यांनी अँडोव्हर येथील प्रसिद्ध ईश्वरविज्ञानशाळेत अध्ययन केले, आणि सन १८४६ मध्ये, वयाच्या ऐन उमेदीत, ते अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून पत्नीसह या देशी आले. उतारूंची आगगाडी त्या वेळी हिंदुस्थानात सुरू झालेली नव्हती. मुंबईहून नगरास यावयाचे म्हणजे घाट चढून बैलगाडीने अथवा घोड्यावर बसून कित्येक दिवस प्रवास करावा लागे.

नगर येथे मिशनचे काम सन १८३१ पासून चालू होते. मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा गावात भरत असत. रे. हेन्री बॅलन्टाइन यांच्यासारखे अनुभवी गृहस्थ तेथे होते, आणि 'ज्ञानोदय' पत्र सन १८४२ पासून याच शहरी निघू लागले होते. नव्या मिशनऱ्याचे पहिले काम मराठी शिकणे हे असे. फेअरबँक यांनी ती भाषा नुसती शिकली नाही, तर तिच्यात लिहिण्याइतकी आत्मसात केली. पुढे काही वर्षे त्यांस मुंबईस मिशनच्या छापखान्याचे काम पाहावे लागले. एकेक अक्षर तपासून पाहण्याची जी सवय छापखान्यात लागते, ती पुढे दुसऱ्याही कामी उपयोगी पडते, हे निराळे सांगावयास नको.

त्यांच्या संसारात दुःखाचे प्रसंग आले. प्रथम पत्नी अॅबी या देशी येऊन थोड्याच वर्षांत निवर्तल्या. पुढे त्यांनी बॅलन्टाइन साहेबांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला, आणि सन १८५७ च्या सुमारास हे कुटुंब वडाळ्यास येऊन राहिले. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादेकडे, जाणाऱ्या रस्त्यावरील हे लहानसे गाव. येथून आसपासच्या खेड्यांत फिरावे, उपदेश करावा, शाळा पाहाव्या, आजाऱ्यांची विचारपूस करावी, शेतीच्या सुधारणेविषयी कुणब्यांशी बोलावे, असा त्यांचा क्रम होता.

या फिरतीतच त्यांच्या पक्षिनिरीक्षणास अवसर मिळाला. वडाळ्याचा मुलूख कोणास रूक्ष वाटेल. काळी जमीन, ज्वारी-बाजरीची शेते, मधूनमधून गवताचे माळ, बाभळीची राई, आणि काही कोसांवर मुळा, प्रवरा व गोदावरी या नद्या. तथापि ज्यास डोळे आहेत, त्यास असा प्रांत म्हणजे पक्ष्यांचे भांडार होय. उघड्या माळावर चंडोल गात उंच चढतो. धाविक पायांवर तुरुतुरु धावून एकाएकी स्तब्ध उभा राहतो, तो मातीतून ओळखू येत नाही. पाखुर्ड्यांचे थवे ठरल्या वेळी पाण्यावर उतरतात. हिवाळ्यात करकोच्यांच्या रांगा हरभऱ्याच्या शेतांवरून जातात. त्या काळी या माळांवर माळढोक व तणमोर हेही आढळत असत. शेतकऱ्यास हे सर्व पक्षी ठाऊक होते व त्यांची नावेही होती. मात्र कोणता पक्षी कोठे, कोणत्या ऋतूत असतो, याची लेखी नोंद फारच थोडी होती.

कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी सन १८३२ मध्ये प्रसिद्ध केली होती. डॉक्टर जर्डन यांचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील मोठा ग्रंथ सन १८६२ पासून १८६४ पर्यंत निघाला. एवढी साधने हाती असता बाकीचे ज्ञान ज्याने त्याने रानात हिंडूनच मिळवावयाचे होते. हे काम कलेक्टर, डॉक्टर, रेल्वेचे इंजिनिअर, मिशनरी अशा निरनिराळ्या धंद्यांच्या लोकांनी आपापल्या फुरसतीत केले. त्यांस गावोगावच्या पारध्यांचे व शिकाऱ्यांचे साहाय्य होत असे. त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोठेही छापली गेली नाहीत.

आज आपण दुर्बीण घेतो, छायाचित्र काढतो व पुस्तक उघडून पक्षी ओळखतो. त्या काळी तसे होणे शक्य नव्हते. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था सन १८५४ मध्येच निघाली होती हे खरे. परंतु ओल्या काचपट्टीवर चित्र घ्यावयाचे म्हणजे काच तेथेच रसायनाने तयार करावयाची, ती ओली असतानाच प्रकाश द्यावयाचा आणि लागलीच धुवावयाची. इतका वेळ जिवंत पक्षी थोडाच स्थिर बसणार! म्हणून पाश्चात्य देशांतही पक्ष्यांची जी आरंभीची छायाचित्रे निघाली, त्यांतील काही पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीच होती. वेल्समधील जॉन डिल्विन लेव्हेलिन यांनी सन १८५६ मध्ये पाण्याकाठी उभ्या असलेल्या बगळ्याचे एक सुंदर छायाचित्र घेतले. तो बगळाही पेंढा भरलेलाच होता. तात्पर्य, पक्षी निश्चित ओळखावयाचा तर तो हाती घेऊन, पिसान् पीस पाहूनच ओळखावा लागे. आणि त्यासाठी तो मारावा लागे.

मारलेला पक्षी टिकविण्याची कृती मोठ्या कौशल्याची आहे. दख्खनच्या उन्हात मेलेला पक्षी काही तासांतच खराब होऊ लागतो, म्हणून रात्रीपर्यंतही थांबता येत नाही. प्रथम चोचीत व जखमेत कापूस घालून रक्त थांबवावयाचे, नंतर लांबी व पंख मोजून घ्यावयाचे. कारण वाळलेले कातडे आकसते अथवा ताणले जाते. मग पोटावर छेद घेऊन, ओल शोषून घेण्यास कोरडी भुकटी टाकीत टाकीत, कातडे हलक्या हाताने सोडवावयाचे. कवटी, पंखांची व पायांची हाडे तेवढी ठेवून बाकीचे शरीर काढावयाचे. कातड्यास आतून सोमल मिसळलेला साबण लावावयाचा, म्हणजे कसर लागत नाही. मग कापूस भरून टाके घालावयाचे, पिसे जागच्या जागी बसवावयाची, व कागदात गुंडाळून सावलीत वाळवावयाचे. संग्रहालयातील पक्षी तारेच्या आधाराने फांदीवर उभा केलेला असतो व त्यास काचेचे डोळे असतात. अभ्यासाचा नमुना मात्र पंख मिटून पाठीवर निजविलेला असा साधा असतो. पहिला पाहणाऱ्यांसाठी, दुसरा शिकणाऱ्यांसाठी.

सर्वांत महत्त्वाची वस्तू पुढेच आहे. ती म्हणजे पायास बांधलेली चिठ्ठी. पिसांचा रंग पुष्कळ वर्षे टिकतो. पण डोळ्यांचा, चोचीचा व पायांचा रंग मेल्यावर लवकरच बदलतो. तो ताबडतोब लिहून ठेवला नाही तर कायमचा नाहीसा झाला म्हणून समजावे. नर की मादी हे आतील अवयव पाहून लिहावयाचे, आणि स्थळ व तारीख तर अवश्य पाहिजे. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुरेख असला तरी त्याची किंमत खेळण्याइतकीच. आणि चिठ्ठीत खोटे लिहिले असेल तर तो खेळण्याहूनही वाईट, कारण तो शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकासही फसवितो.

असे नमुने जमवीत फेअरबँक नगरच्या पठाराबाहेरही गेले. सन १८६० नंतरच्या दशकात त्यांचे मद्रास इलाख्यातील पळणीच्या डोंगरांवर जाणे झाले. तेथे सात हजार फुटांच्या आसपास उंचीवर दऱ्यांच्या आश्रयाने शोला नावाची दाट, थंड व ओलसर वने आहेत. त्यांत मिळालेले पक्षी त्यांनी भूगर्भखात्यातील विख्यात शास्त्रज्ञ विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांजकडे तपासणीसाठी दिले. त्यांतील एक गर्द निळसर रंगाचा व पांढऱ्या पोटाचा लहान पक्षी शास्त्रास नवा आहे असे दिसून आले, आणि ब्लॅनफर्ड यांनी सन १८६८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका पक्ष्याचे वर्णन निघाले. हा हसऱ्या कस्तुरांच्या जातीचा असून त्याची भुवई पांढरी, छाती करडी व पोट तांबूस असते. झुडपांत टोळीने राहून तो मोठ्याने गातो. ब्लॅनफर्ड यांनी त्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' हा शब्द घातला, व तो आजतागायत चालू आहे. सन २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासावरून शास्त्रज्ञांनी या दोन्ही पक्ष्यांसाठी नव्या प्रजाती ठरविल्या. त्यामुळे नावाचा पूर्वार्ध बदलला, पण फेअरबँक यांचे नाव होते तेथेच राहिले. ज्याने स्वतःच्या नावासाठी काही केले नाही, त्याचे नाव रानातील पक्ष्याने जतन करावे, ही मौजेची गोष्ट नव्हे काय?

या सुमारास हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे मुख्य सूत्रधार अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे होते. पुढे सन १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम साहेब. ते 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे विखुरलेली पिसे, या नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवीत असत, व देशभरचे निरीक्षक त्यात लिहीत. त्याच्या सन १८७६ च्या भागात फेअरबँक यांची विस्तृत यादी छापली गेली. खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव येथील सह्याद्रीचा माथा, घाटमाथ्यापासून पूर्वेस सुमारे ७५ मैलांवरील नगरचा प्रदेश, आणि समुद्रसपाटीजवळील सावंतवाडीचा भाग, अशा भिन्न भिन्न स्थळी आढळलेले पक्षी तीत एकत्र दिले आहेत. नुसती नावे देण्यापेक्षा ही रीत अधिक उपयोगी होय. घाटमाथ्यावर पाऊस उदंड पडतो, व नगर पर्जन्यछायेत असल्यामुळे कोरडे राहते. यास्तव अवघ्या ७५ मैलांत रान बदलते व रानाबरोबर पक्षीही बदलतात. एकाच मनुष्याने दोन्ही ठिकाणे पाहिली, म्हणून हा फरक यादीत उमटू शकला. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, पळणीच्या पक्ष्यांवरील त्यांचा दुसरा लेख त्याच पत्रात आला.

ही दोन साले दख्खनच्या इतिहासात निराळ्याच कारणासाठी स्मरणात राहिली आहेत. सन १८७६ चा पाऊस गेला आणि महाभयंकर दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यात गुरे मेली, गावे ओस पडली, माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर गेली. हा दुष्काळ सरतो न सरतो तोच, सन १८७८ मध्ये, फेअरबँक यांस पत्नी मेरी यांचा वियोग सोसावा लागला. अशा काळात पक्ष्यांची यादी करणे म्हणजे निष्काळजीपणा, असे कोणी म्हणेल. परंतु यादी ही पुष्कळ वर्षांच्या कष्टांचे फळ असते, ती एका वर्षात होत नसते. शिवाय दुष्काळ आज ना उद्या सरतो. मात्र जे लिहून ठेविले नाही, ते पाहणाऱ्याबरोबर कायमचे जाते.

लिहिलेलेही जपावे लागते, याचे उदाहरण ह्यूम साहेबांचेच आहे. पंचवीस वर्षे जमविलेली त्यांची हस्तलिखिते त्यांच्या गैरहजेरीत घरातील नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली. त्या आघाताने त्यांचा उत्साह मावळला, व आपला पक्ष्यांचा व अंड्यांचा सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह त्यांनी सन १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ग्रंथ व्हावयाचा राहिला. पण चिठ्ठ्या बांधलेले नमुने राहिले, म्हणून आजचे अभ्यासक त्यांपासून अद्यापही नवे काही शिकत आहेत.

येथे एक शंका सहजच मनात येते. दयेचा उपदेश करणाऱ्या मनुष्याने निरपराध पाखरे मारावी, हे योग्य झाले काय? याचे उत्तर घाईने देऊ नये. त्या काळी निश्चित ज्ञानाचा दुसरा मार्ग नव्हता, व त्या ज्ञानावाचून आज आपणांस कोणता पक्षी कमी झाला हेही कळले नसते. माळढोकाचेच पाहा. माळ नांगरले गेले, शिकार झाली, वस्ती वाढली. सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून सन १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी आज तो तेथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पळणीच्या डोंगरांवरही शोला वने तोडून परकी झाडांची लागवड झाली, आणि फेअरबँक यांच्या नावाच्या पक्ष्याचे घर आकुंचित झाले. पूर्वी येथे काय होते याची साक्ष जुन्या याद्या व जुने नमुने देतात. तथापि जे त्या काळी अपरिहार्य होते, ते आज तसे नाही. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने पक्षी मारण्यास बंदी केली आहे, आणि बंदुकीची जागा दुर्बिणीने व कॅमेऱ्याने घेतली आहे. हा बदल सर्वस्वी चांगला होय.

फेअरबँक यांनी अखेरपर्यंत या देशाची सेवा केली, आणि सन १८९८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. म्हणजे बावन्न वर्षांचा काळ त्यांनी बहुतांशी मराठी माणसांत घालविला. हेन्री व एडवर्ड हे त्यांचे पुत्रही याच जिल्ह्यात मिशनरी झाले, व एडवर्ड यांनी तर वडाळ्यासच पुष्कळ वर्षे काम केले.

विद्यार्थिमित्रहो, आता या चरित्रातून तुमच्या कॅमेऱ्याच्या हौसेस काय घेता येईल ते पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पक्ष्यांचा उत्तम विभाग आहे. तेथे प्रथम परवानगी विचारा. काचेवर प्रखर दिव्याचा झोत टाकू नका. त्याने काच तेवढी चमकते व जुन्या पिसांसही असा प्रकाश हितकर नसतो. कॅमेऱ्याचे भिंग काचेच्या अगदी निकट धरा, आपल्यामागे कोणाकडून काळे कापड धरवा, म्हणजे प्रतिबिंब पडणार नाही. पक्षी हलत नाही ही मोठीच सोय आहे. म्हणून हात टेकून, घाई न करिता, डोळ्यावर नेम धरून चित्र घ्या. शेवटी त्याखालील पाटीचेही एक चित्र घेण्यास विसरू नका. तीच तुमची चिठ्ठी.

घरी येऊन संगणकावर चित्र सुधारताना मूळ चित्र निराळे राखून ठेवा व प्रतीवरच हात चालवा. वाकडे असेल ते सरळ करावे, कडेचा पसारा कापावा, काचेवरील धुळीचा ठिपका पुसावा, दिव्याच्या पिवळेपणाने आलेली छटा घालवावी. यात काही दोष नाही, कारण ही सर्व व्यंगे चित्राची आहेत, पक्ष्याची नव्हेत. पण पिसे फिकट दिसतात म्हणून ती मनाने गडद करणे, अथवा डोळा निर्जीव दिसतो म्हणून त्यास मनचा रंग देणे, हे निराळे. संग्रहालयातील पक्ष्याचा डोळा काचेचा असतो, चोच व पाय पुष्कळदा रंगविलेले असतात, आणि पिसे वर्षानुवर्षांच्या उजेडाने विटलेली असतात. ते जसे आहे तसे दाखवावे, व खाली हा पक्षी पेंढा भरलेला आहे असे स्पष्ट लिहावे. तो रानात टिपल्याचा आव आणणे म्हणजे खोटी चिठ्ठी बांधणे होय.

वडाळ्यास राहणाऱ्या त्या गृहस्थांजवळ मोठे संग्रहालय नव्हते, की पगारी मदतनीसांचा तांडा नव्हता. नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करून उरलेल्या वेळात त्यांनी भोवतालची सृष्टी डोळसपणे पाहिली, पाहिले तेवढेच लिहिले, व लिहिलेले जाणत्यांच्या हवाली केले. नगरच्या माळावर आजही चंडोल गातो आणि पाखुर्ड्या पाण्यावर उतरतात. त्यांची नोंद ठेवणारे डोळे व हात आपल्या शाळांतून निघतील, तर फेअरबँक यांची यादी अपुरी राहणार नाही.